घरामागे खणायचंय, पण खाली काय काय गेलंय ते कुणालाच धड माहीत नाही

पत्र थोडक्यात असं: पुण्यातल्या एका वाचक ताईंचं घर म्हणजे प्लॉटिंगच्या सोसायटीतला छोटा बंगला, साधारण तीस वर्षांपूर्वी सासऱ्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेला. मागच्या बाजूला बारा बाय वीस फुटांची जागा आहे. तिथली शहाबादी फरशी आता काढलीय, ताईंना भाजीचे वाफे करायचेत आणि सासऱ्यांना एक केशर आंबा लावायचाय, त्यासाठी अक्षय तृतीयेच्या आत खड्डा घेऊन ठेवायचा त्यांचा आग्रह. मधल्या काळात घराला पाईप गॅस आला, बोअर झालं, इंटरनेटची वायर आली, पण कुठून काय गेलं ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. ताई म्हणाल्या, खणायच्या आधी विचारून घेऊया. सासरे म्हणाले "घर माझ्या डोळ्यांसमोर झालंय, मागे काही नाही." नवरा म्हणाला "दोन फुटाला कसली परवानगी?" माळी म्हणाला "लागलं काही तर थांबतो की ताई." शेजारच्या काकूंचा सल्ला वेगळाच, ऑफिसातली माणसं घरी बोलवाल तर मागची पत्र्याची शेड दाखवून द्याल. आणि न्यू जर्सीतल्या दिरांनी सांगितलं की तिकडे एक फोन केला की माणसं येऊन जमिनीवर रंगाने खुणा करून जातात. ताईंनी इथे दोन ठिकाणी फोन केले, दोन्हीकडून "तुमच्या कंपाउंडमधलं आम्हाला काय माहीत" एवढंच ऐकायला मिळालं. आता त्या विचारतायत की मी उगाच बाऊ करतेय का, नेमकं विचारायचं कुणाला, की सरळ गच्चीवर कुंड्या ठेवून मोकळं व्हावं.

ताई,

बाऊ अजिबात करत नाही आहात. घरात पाच माणसं बोलली आणि त्यातलं खाली काय असू शकतं याचा विचार फक्त तुम्ही केलात, तेव्हा ही शंका डोक्यातून काढून टाका. पण तुमच्या पत्रातच एक गोष्ट गृहीत धरलेली दिसली, आधी तिच्याबद्दल बोलू, कारण ती सुटली की बाकीचं सोपं होईल. तुम्हाला वाटतंय की कुठल्यातरी ऑफिसात एक नकाशा आहे, तो योग्य माणसाला विचारला की मिळेल आणि आपण निर्धास्त होऊ. तसा एक नकाशा नसतो हो. तुकडे असतात, एक तुकडा वीजवाल्यांकडे, एक गॅसवाल्यांकडे, एक महापालिकेत, आणि सगळ्यात मोठा तुकडा तुमच्याच घरात आहे, फक्त तो अजून कागदावर आलेला नाही.

दिरांचं म्हणणं खरं आहे, अमेरिकेत ८११ नावाचा नंबर आहे, खणायच्या काही दिवस आधी फोन करायचा, मग कंपन्यांची माणसं येऊन फुकटात खुणा करतात, विजेला लाल, गॅसला पिवळा, पाण्याला निळा, ड्रेनेजला हिरवा, टेलिफोन-इंटरनेटला केशरी. पण त्यांना एकदा हेही विचारा की मीटरच्या पुढची, म्हणजे घरमालकाने स्वतः टाकलेली लाईन ती माणसं दाखवतात का? नाही दाखवत. बागेतल्या दिव्याची वायर, मागच्या शेडला नेलेली लाईन, स्प्रिंकलरचा पाईप, हे तिकडेही ज्याचं त्यानेच शोधायचं असतं. म्हणजे तुम्हाला फोनवर जे उत्तर मिळालं ते तुटक होतं, बोलायची पद्धतही चुकीची होती, पण अर्धं खरं होतं. आपल्याकडे सरकारने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप काढलंय, न विचारता केलेल्या खोदाईने देशाचं वर्षाला साधारण ३००० कोटींचं नुकसान होतं असं तेव्हा सांगितलं गेलं होतं. पण त्याचा रोख मुख्यतः रस्ते खोदणाऱ्या एजन्सींवर आहे, म्हणजे खोदणाऱ्याने कळवायचं आणि त्या जागेत ज्यांच्या केबल-पाईप आहेत त्यांना निरोप जायचा. तुमच्या बोअरची वायर त्यात असणार नाही, कारण ती तुमच्या प्लंबरशिवाय कुणाला माहीतच नाही.

आता सासऱ्यांबद्दल. त्यांना खोडून काढायच्या भानगडीत पडू नका, कारण ते चुकीचं बोलतच नाहीयेत. घर झालं तेव्हा मागे काही नव्हतं यावर माझा पूर्ण विश्वास आहे. प्रश्न त्यानंतरच्या तीस वर्षांचा आहे, गॅसवाले आले तेव्हा ते कदाचित गावाला गेले असतील, बोअरचं काम दुपारी झालं असेल, इंटरनेटवाला तर अर्ध्या तासात वीतभर चर मारून निघून जातो. शिवाय जुन्या सोसायट्यांमध्ये आधी सेप्टिक टँक असायची आणि महापालिकेची ड्रेनेज लाईन नंतर आली, मग ती टाकी बंद केली, पण बंद केली म्हणजे बुजवली का नुसतं झाकण लावून वर फरशी घातली? हे त्यांच्याशिवाय कुणाला सांगता येणार आहे! म्हणून "मागे काही आहे का" हा प्रश्नच नको, त्याचं उत्तर "नाही" असंच येतं. त्याऐवजी विचारा, बाबा, पहिली टाकी कुठे होती, बोअरच्या वेळी चर कुठून मारला होता, अर्थिंगचा खड्डा कुठे घेतला होता, गेटवरच्या दिव्याची वायर घरातून कुठून बाहेर निघते. असं विचारलं की माणूस आपोआप उठून चालायला लागतो आणि बोटाने दाखवायला लागतो, आणि तेच आपल्याला हवंय.

ते दाखवत असताना तुम्ही मागोमाग फक्की मारत चला. आणि दिरांच्या देशातले रंग वापरायला आपल्याला कुणाची परवानगी नको, घरात रांगोळीचे रंग असतीलच, विजेला लाल, गॅसला पिवळा, पाण्याला निळा, ड्रेनेजला हिरवा, इंटरनेटला केशरी. जिथे खात्री नाही तिथे पांढऱ्या रांगोळीने तुटक रेघ. मग त्याचा वरून, म्हणजे गच्चीतून, एक फोटो काढा. वाऱ्याने रांगोळी उडेल, फोटो राहील.

जे त्यांना आठवत नाही ते घराच्या भिंतींकडून काढून घ्यायचं. बाहेरून घराला एक फेरी मारा आणि जमिनीतून वर काय काय येतंय आणि भिंतीतून खाली काय काय जातंय ते नुसतं बघा. विजेचा मीटर पुढच्या कंपाउंडला असेल आणि त्यातून केबल खाली गेलेली असेल तर ती घरात कुठे परत वर येते? त्या दोन टोकांच्या मध्ये ती कुठून तरी गेलीच आहे, आणि बहुतेक वेळा सरळ नाही, मध्ये झाड असेल तर वळसा घालून. गॅसचा लोखंडी पाईप भिंतीवरून खाली येतो आणि जमिनीपाशी प्लास्टिकच्या पाईपला जोडलेला असतो, तिथून तो रस्त्याकडे कुठल्या बाजूने गेला असेल याचा अंदाज तुम्हालाच येईल. ड्रेनेजचं त्याहून सोपं, दोन चेंबरच्या मधली लाईन सरळच असते, कारण वळायचं असेल तिथे चेंबर करतात, तेव्हा झाकणं उघडा, स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये बादलीभर पाण्यात नीळ कालवून सोडा आणि कुठल्या चेंबरमध्ये निळं पाणी येतं ते बघा, मग बाथरूमचं तसंच. जुन्या बंद टाकीचं झाकण सापडलं तर मात्र ते उघडून वाकून बघायचं नाही, आत उतरणं तर दूरच, आतला वायू माणसाला क्षणात बेशुद्ध करू शकतो. तिच्यावरच्या स्लॅबवर उभं राहून पहार मारणंही नको, तीस वर्षांत खालची सळई गंजून गेलेली असू शकते.

आता तुमच्या नवऱ्याचे दोन फूट. हा आकडा लोकांच्या तोंडात असतो आणि तो ऐकायला निरुपद्रवी वाटतो. जमिनीखालची साध्या दाबाची वीज केबल प्रमाणाप्रमाणे पाऊण मीटर खोल, म्हणजे अडीच फुटांवर टाकायची असते, मोठ्या दाबाची त्याहून खाली, आणि गॅसची लाईन साधारण मीटरभर. म्हणजे कागदावर ते दोन फूट सुटतात. पण तुमच्या सासऱ्यांना आंबा लावायचाय, आणि आंब्याच्या कलमाला आपल्याकडे सांगतात तो खड्डा एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर खोल. मग आता बेरीज तुम्हीच करा. दुसरं, ही सगळी खोली टाकली त्या दिवशीची असते. त्यानंतर कुणी अंगण उतरवलं, कुणी पाणी साचतं म्हणून माती काढली, तुम्ही स्वतः आत्ता फरशी आणि तिच्याखालचा बेड काढलात, म्हणजे अर्धा फूट तर तिथेच गेला. आणि तिसरं, हे प्रमाण पाळतात ते कंपन्यांच्या कामात, तेही सगळीकडे पाळतातच असं धरून चालू नका. घरगुती कामात ते प्रमाण बहुतेक कुणी पाळत नाही. बोअरच्या मोटरची वायर मी विटेच्या खोलीवर नुसत्या पीव्हीसी पाईपात घातलेली पाहिलीय, आणि पाण्याचा जुना लोखंडी पाईप तर खुरप्याला लागतो. म्हणजे सगळ्यात वरची लाईन ही सगळ्यात कच्ची आणि कुणाच्याच नोंदीत नसलेली असते, आणि भाजीचा एक फुटाचा वाफासुद्धा तिला पोचतो.

माळीदादांच्या "लागलं तर थांबतो" बद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण घरात झालेल्या चर्चेत हे वाक्य सगळ्यांना पटलेलं दिसतं. कुदळ मातीत जाते तेव्हा दगड लागला का पाईप लागला हे हाताला कळतं, मान्य, पण कळतं तेव्हा ती लागून गेलेली असते. आणि आपल्याकडे मुरूम लागला की माणूस कुदळ ठेवून पहार उचलतो. पहार म्हणजे पाच फुटांचा सलग लोखंडी दांडा, दोन्ही हातात घट्ट धरलेला, अंगाचा सगळा भार देऊन खाली मारलेला, पायात बहुतेक वेळा साधी चप्पल. ती पहार केबलचं पोलादी कवच फोडून आत गेली तर थांबायला वेळ कुठला? आणि समजा केबलला नुसता ओरखडा गेला आणि काहीच झालं नाही, तरी ते नशीबच म्हणायचं आणि तेही तात्पुरतं, त्या चिरेतून पावसाळ्यात पाणी शिरतं आणि मग ऑगस्टमध्ये कधीतरी रात्री घर अंधारात जातं. गॅसच्या पाईपचं तर अजून वेगळं, तो पिवळ्या किंवा केशरी रंगाचा प्लास्टिकचा पाईप, त्याला लोखंड लागल्याचा आवाजही धड येत नाही, मुळी कापली गेली असं वाटतं.

इथे बहुतेक घरांत एक उपाय सुचवला जातो, "मेन स्विच बंद करून खणा ना." करा, जरूर करा, पण त्याने काय बंद होतं ते समजून घ्या. मेन बंद केला की मेनच्या पुढचं बंद होतं. रस्त्यावरच्या पिलर बॉक्सपासून तुमच्या मीटरपर्यंत येणारी केबल तशीच चालू असते, आणि ती तुमच्या एमसीबीने किंवा शॉक वाचवणाऱ्या स्विचने ट्रिप होत नाही, कारण ती त्यांच्या आधी आहे. त्यात घरात इन्व्हर्टर असेल आणि बागेतला दिवा त्यावर जोडलेला असेल तर मेन बंद असूनही ती वायर जिवंत राहते, तेव्हा इन्व्हर्टरही बंद करायचा. टेस्टरने जमिनीवर टोचून बघणं किंवा भिंतीतल्या वायरी शोधायचं छोटं मशीन ऑनलाईन मागवून मातीवर फिरवणं, या दोन्हीचा उपयोग नाही, दोन-तीन फूट मातीखालचं त्यांना कळत नाही, आणि प्लास्टिकचा गॅस पाईप तर लोखंड शोधणाऱ्या यंत्रालाही सापडत नाही.

आणि खरं सांगायचं तर, ताई, "दोन फुटाला काय होतंय" हे म्हणणारा माणूस त्या वेळी ओट्यावर चहा घेत असतो, खड्ड्यात नसतो. तुमच्या नवऱ्याला हे लागेल असं बोलू नका, पण शनिवारी एखादा छोटा खड्डा त्यालाच घ्यायला सांगा, फावडं हातात आलं की माणूस स्वतःहून विचारायला लागतो खाली काय आहे.

आता ऑफिसांचं. फोन करू नका, लेखी द्या. फोनवर समोरच्याला उत्तर टाळणं सोपं असतं, अर्जावर शिक्का मारून घेतला की कुणाला तरी तो कुणाकडे तरी पाठवावा लागतो. वीजेसाठी महावितरणचं तुमच्या भागाचं शाखा कार्यालय, अर्जात ग्राहक क्रमांक टाका आणि एवढंच लिहा की अमुक तारखेला घराच्या मागे एक मीटर खोल खड्डा घेणार आहे, सर्व्हिस केबल किंवा दुसरी कुठली केबल या बाजूने गेली आहे का ते जागेवर येऊन सांगावं. सोबत तुमचा रांगोळीचा फोटो जोडा. आणि त्याच भागाचा लाईनमन कुठे भेटतो ते विचारून ठेवा, कागदावर नसलेलं त्याच्या डोक्यात असतं. गॅससाठी तुमच्याकडे एमएनजीएल (महाराष्ट्र नॅचरल गॅस) असेल, मुंबई-ठाण्याच्या वाचकांकडे महानगर गॅस, बिलावरचा ग्राहक क्रमांक देऊन विचारा. इथे मात्र "तुमच्या कंपाउंडमधलं आम्हाला काय माहीत" हे उत्तर ऐकून घ्यायचं नाही, कारण मीटरपर्यंतची गॅसलाईन तुमच्या अंगणात असली तरी ती कंपनीची असते, तुमची नाही. पाणी आणि ड्रेनेजसाठी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात जाण्याआधी घरातली जुनी फाईल काढा, मंजूर नकाशा आणि भोगवटा पत्राच्या सोबतच्या कागदांत ड्रेनेजची रेघ आणि टाकी बऱ्याचदा दाखवलेली असते. प्रत्यक्षात ती तिथेच केली असेल असं नाही, पण सुरुवात म्हणून चालतं. सोसायटीच्या सेक्रेटरींकडे कॉमन लाईनचा नकाशा असेल तर उत्तम, नसेल तर शेजाऱ्यांना विचारा, कारण तुमच्या मागच्या भिंतीलगत त्यांचीही ड्रेनेज गेलेली असू शकते, एका ओळीतल्या घरांची लाईन एकच असते कित्येकदा.

शेडबद्दल काकू म्हणतात ती भीती मी समजू शकते, पण थोडा विचार करा. लाईनमन केबल बघायला येतो, त्याला तुमच्या पत्र्यात काडीचा रस नसतो, बांधकामाचं खातं वेगळं. उलट न विचारता खणलं आणि केबल तुटली, अख्ख्या गल्लीची लाईट गेली, तर मग कोण कोण येईल आणि काय काय बघेल? वीज कायदा २००३ च्या कलम १३९ मध्ये निष्काळजीपणाने वीजपुरवठ्याच्या साहित्याचं नुकसान केल्यास दहा हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे, दुरुस्तीचा खर्च वेगळा. तरीही शेडची धाकधूक वाटत असेल तर ती शेड हा आपला दुसरा प्रश्न आहे, त्यासाठी खड्ड्यात उतरणाऱ्या माणसाचा जीव पणाला लावायचं कारण नाही.

समजा सगळीकडे विचारून झालं, दोघांनी सांगितलं, दोघांनी नाही सांगितलं. असंच होईल बहुतेक. मग पुढचं काम हाताने करायचं. जिथे आंबा हवाय तिथे आधी वितीभर रुंदीचा चाचणीचा चर घ्या, फावड्याने आणि खुरप्याने, थर थर काढत, पहार आणि टिकाव बाजूला ठेवून, आणि जेसीबी तर गल्लीतही आणू नका. माती कडक असेल तर आदल्या संध्याकाळी पाणी सोडून ठेवा, लाल रेघेजवळ मात्र पाणी सोडू नका. खणताना मातीकडे बघत राहायचं, कारण न हललेली माती आणि एकदा खणून भरलेली माती यात फरक असतो. तुमच्याकडे वर काळी माती आणि खाली मुरूम असेल, त्यात मध्येच भुसभुशीत पट्टा लागला, विटांचे तुकडे, सिमेंटचं पोतं, असं काही मिसळलेलं निघालं तर तिथे कुणीतरी आधी येऊन गेलंय. आणि काळ्या मातीत अचानक स्वच्छ वाळू लागली, किंवा एका ओळीत आडव्या ठेवलेल्या विटा लागल्या, तर तिथल्या तिथे थांबा, वीज केबल वाळूत ठेवून वरून विटा किंवा फरशीने झाकायची पद्धत आहे, तुम्ही तिच्या डोक्यावर आहात. लाल किंवा पिवळी प्लास्टिकची पट्टी निघाली तर तेच, ती पट्टी कचरा म्हणून ओढून काढू नका, ती तुमच्यासाठीच घातलेली आहे. मीठ आणि कोळसा मिसळलेली काळपट माती निघाली तर तो घराचा अर्थिंगचा खड्डा. तिथली जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी किंवा तार तुटली तर गंमत अशी की काहीच होत नाही, ना ठिणगी ना अंधार, सगळं छान चालू राहतं, आणि धोका असा की फ्रीज किंवा गीझरच्या अंगात करंट उतरला तर त्याला जमिनीत जायची वाट उरलेली नसते. म्हणून अर्थिंग सापडलं तर ते सोडून द्या, उलट उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी घाला.

आणि तरीही काही लागलंच तर काय करायचं हे सगळ्यांना आधी सांगून ठेवा, माळीदादांना तर नक्कीच. केबलला लागलं तर जे हत्यार आत अडकलंय ते ओढायचं नाही, तिथेच सोडून बाहेर पडायचं, दुसऱ्याने त्या माणसाला किंवा हत्याराला हात लावून ओढायचं नाही, १९१२ ला फोन करायचा आणि पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कुणी जवळ जायचं नाही. गॅसला लागलं, म्हणजे फुस्स आवाज, वास, किंवा ओल्या मातीत बुडबुडे, तर पाईप दाबून किंवा कापड कोंबून बंद करायचा प्रयत्न नाही, माती लोटून झाकणं तर मुळीच नाही कारण मग गॅस मातीतून वाट काढत घराच्या पायाकडे जाऊ शकतो. कुणाची बिडी-सिगरेट असेल तर ती लगेच बंद, घरातली बटणं चालू-बंद करायची नाहीत, स्कूटर सुरू करायची नाही, सगळ्यांनी लांब जायचं आणि लांब गेल्यावर मग फोन. गॅस कंपनीचा इमर्जन्सी नंबर बिलावर असतो, तो आजच दोघातिघांच्या मोबाईलमध्ये टाका, कारण लोक घाईत १९०६ लावतात आणि तो सिलिंडरच्या गळतीसाठीचा आहे. सोबत १०१ किंवा ११२.

आता कुंड्यांचं. तुम्ही तो पर्याय असा लिहिलाय की जणू हार मानून गच्चीवर जायचं. तसं नाहीये. भाजीला मुळात खोल माती लागतच नाही, फूटभर पुरते, मग खाली खणण्यापेक्षा वर बांधा ना. जमिनीवर विटांची किंवा जुन्या शहाबादीची फूटभर उंचीची चौकट उभी करा (ती फरशी तुमच्याकडे आहेच), आत पालापाचोळा, शेणखत आणि माती, झाला वाफा. मेथी, पालक, चवळी, मुळा, वांगी सगळं येईल, आणि खाली गॅसची लाईन असली तरी कुणाला फरक पडत नाही, फक्त त्या लाईनवर किंवा चेंबरच्या झाकणावर पक्की बांधकामं करू नका, उद्या दुरुस्तीला माणूस आला तर त्याला तिथे पोचता आलं पाहिजे. आंब्याचं मात्र मला वाटतं की बारा फुटांच्या पट्ट्यात, ड्रेनेजच्या जवळ, तो नकोच, मुळं पाण्याकडे जातात आणि जुन्या पाईपचे सांधे त्यांना बरोबर सापडतात. पुढच्या बाजूला मोकळा कोपरा असेल आणि तिथे तुमच्या फोटोत एकही रंग येत नसेल तर सासऱ्यांना तो दाखवा, "बाबा, आंबा पुढेच शोभेल, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल" म्हणून बघा. मागे कढीपत्ता, मोगरा, फार तर एखादं लिंबू, त्यालाही दोन फुटांचा खड्डा लागेलच, पण तो चाचणीच्या चरात काही न निघाल्यावर. तृतीयेची तारीख चुकली तर सासरे थोडे नाराज होतील, होऊ द्या. मुहूर्ताला खड्डा हवाच असेल तर त्या दिवशी पहिलं फावडं त्यांच्याच हातून मारून घ्या, वाफ्याच्या जागी, आणि कलम जूनच्या पावसावर लावा, तसंही उन्हात तापलेला खड्डा कलमाला मानवतो.

खड्डा भरायच्या आधी, खाली जे काही निघालं असेल त्याच्या शेजारी टेप धरून एक फोटो काढा, भिंतीपासून किती आणि वरून किती खोल ते दिसेल असा, आणि तो घरच्या ग्रुपवर टाका. पुढच्या खेपेला तो कुणाला हवा असेल ते आज सांगता येत नाही.

आणि पैशांचं एक राहिलं, हे बाकीच्या वाचकांनीही लक्षात ठेवा. माळीदादांना हे काम उक्तं देऊ नका. खड्ड्यामागे अमुक रुपये ठरलं की तो माणूस घाई करणारच, त्याला दुपारच्या आत दुसरीकडे जायचं असतं, आणि घाई म्हणजे पहार. रोजावर लावा, पूर्ण दिवसाचा रोज द्या, दिवसभरात एकच चर झाला तरी चालेल असं आधीच सांगा, आणि बूट नसतील तर रबरी बूट आणून द्या, पैसे रोजातून कापू नका.